ध्यानाचं ॲप कुठलं घ्यावं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

टिळकवाडीत पहाटे साडेपाचला आमचा योगवर्ग भरतो. सव्वासहाला सुटतो आणि पुढचा अर्धा तास चपला शोधता शोधता फोनवर जातो. "ताई, ह्यातलं कुठलं घालून घेऊ?" पूर्वी गुडघ्याबद्दल आणि प्राणायामाबद्दल विचारायचे, आता ॲपबद्दल विचारतात. वडगाव-शहापूरचे माग चालवणारे विचारतात, उद्यमबागेत पाळीवर जाणारे विचारतात, निपाणीला दिलेल्या लेकी फोन करून विचारतात. तेच ते सांगून घसा बसला म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी फोनमधली तज्ज्ञ नाही. पण गेल्या काही वर्षांत पंधराएक ॲपं घालून, वापरून, काढून झाली आहेत, आणि त्यात पैसेही गेले आहेत.

सगळ्यात चांगलं ॲप कुठलं? नाव सांगा, बस्स.

सांगते की. पण आधी तुम्ही सांगा, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, की नुसतं शांत बसायला शिकायचंय? ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकाच ॲपात तिन्ही चांगल्या असतील असं नाही.

आमच्या वर्गातलीच तीन माणसं घ्या. एक जण फौंड्रीत रात्रपाळी करतो. सकाळी आठला घरी येतो, बाहेर गल्लीत भाजीवाल्याचा कर्णा, आणि ह्याला झोपायचं असतं. त्याला ध्यान शिकवणारं ॲप देऊन उपयोग नाही. त्याला पडल्या पडल्या ऐकायला संथ आवाज हवा आणि तो आपोआप बंद व्हायला हवा. दुसऱ्या एक काकू, साठी ओलांडलेल्या, चाळीस वर्षं जप करतात. त्यांना शिकवायला कुणी नको, वेळ संपल्याची घंटा तेवढी हवी. तिसरा मुलगा नुकता बेंगळुरूहून घरून काम करायला परत आलाय, दिवसभर मीटिंगा, छातीत धडधड. त्याला पायरीपायरीने शिकवणारं काहीतरी हवं. तिघांना मी तीन वेगळी नावं दिली. काकूंना दिलेलं फुकट होतं आणि तेच सगळ्यात जास्त टिकलं.

बरं, मग नावं तरी सांगा. फरक काय त्यांच्यात?

हेडस्पेस २०१० साली लंडनमध्ये सुरू झालं. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक जण आधी बौद्ध भिक्षू होता. पहिल्यापासून, अगदी मुळाक्षरांसारखं शिकवतं. इंग्रजी नीट कळत असेल तर नवख्याला चांगलं. पैसे पडतात.

काम (इंग्रजीत Calm) हे २०१२ चं. होय, उच्चार 'काम'च. आमच्याकडे "मी रात्री काम लावून झोपते" म्हटलं की सगळा वर्ग हसतो. झोपताना ऐकायच्या गोष्टी ही त्याची खासियत. हेही पैशाचं आणि परक्या भाषेतलं.

इनसाइट टायमर मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतं, ते त्यातल्या साध्या घड्याळासाठी. किती मिनिटं बसायचं ते लावा, सुरुवातीला एक टोल, मध्ये हवे तर टोल, शेवटी एक टोल. एवढं फुकटात मिळतं. शिवाय जगभरच्या शिक्षकांची हजारो ध्यानं त्यात आहेत, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. दहा मिनिटं ध्यान करायला बसलेलं माणूस पंधरा मिनिटं कुठलं ऐकू ते शोधत बसतं.

मेडिटो आणि हेल्दी माइंड्स प्रोग्रॅम ही दोन्ही ना-नफा संस्थांची, फुकट. दुसरं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांच्या कामातून आलेलं आहे. दोन्ही इंग्रजीत. बेंगळुरूहून आलेल्या मुलाला मी हेल्दी माइंड्स दिलं.

अमेरिकी लेखक सॅम हॅरिस यांचं वेकिंग अप जरा तात्त्विक वळणाचं, वाचनाची आवड असलेल्यांना रुचतं. पैसे परवडत नसतील तर तसं लिहून विचारलं की फुकट देतात. मागायला लाजू नका.

आपल्याकडच्या संस्थांचीही आहेत. आर्ट ऑफ लिव्हिंगच्या मंडळींचं सत्त्व, ईशा फाउंडेशनचं २०२५ मध्ये आलेलं सात मिनिटांचं मिरॅकल ऑफ माइंड, हार्टफुलनेसचं त्यांच्या नावाचंच. ह्यातली बरीचशी फुकट आहेत, पण प्रत्येकामागे एक गुरुपरंपरा आहे आणि पुढे त्यांच्या शिबिरांची वाट दाखवली जाते. त्यात वाईट काही नाही. आपण कुणाच्या दारातून आत जातोय एवढं ठाऊक असावं.

मराठीत आहे का?

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न एवढा अडचणीचा नसेल. आपल्याला तो रोजचा आहे. नावाजलेल्या परदेशी ॲपांत मराठी नाही. हिंदी बऱ्याच भारतीय ॲपांत आहे. इनसाइट टायमरमध्ये किंवा यूट्यूबवर शोधताना देवनागरीत 'मराठी ध्यान' आणि मग इंग्रजी अक्षरांत तेच, असं दोनदा शोधा. दोन्ही वेळा वेगवेगळं सापडतं.

पण भाषा म्हणजे नुसती घरची भाषा नव्हे. शहापूरच्या एका आजींना नातवाने इंग्रजी ॲप लावून दिलं. आतली बाई म्हणाली, "लेट गो." नातू शेजारी बसून भाषांतर करत होता, तो म्हणाला, "आजी, सोडून दे म्हणते." आजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय सोडू रे? गॅस?" त्या दिवशीचं ध्यान तिथंच संपलं.

सूचना डोक्यात उलथवून समजून घ्यावी लागली की मन शांत होत नाही, ते भाषांतराच्या कामाला लागतं. मग आपली भाषा कुठली हे ठरवायचं कसं? सीमाभागात ह्याचं उत्तर सोपं नाही. घरी मराठी, कचेरीत कानडी, टीव्हीवर हिंदी, पोरांच्या शाळेत इंग्रजी. माझी एक साधी कसोटी आहे. घाईत नोटा मोजताना तुम्ही कुठल्या भाषेत मोजता? आमच्या वर्गातला एक जण घरी पक्कं मराठी बोलतो, पण शाळा कानडी माध्यमाची. श्वास मोजायला सांगितला की तो मनात "ओंदु, एरडु, मूरु" मोजतो. त्याला मराठी सूचनांचा अट्टहास करून काय मिळणार? त्याने कानडी आवाज शोधावा, खुशाल. ध्यानाला बसताना सीमाप्रश्न दाराबाहेर ठेवला तरी चालतो.

मराठीत मनासारखं काहीच नाही सापडलं तर?

स्वतःच करा. खरंच सांगते. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असतेच. घरात ज्याचा आवाज तुम्हाला ऐकवतो, लेक असो, सून असो, त्याला खालच्या ओळी सावकाश वाचायला लावा. दर ओळीनंतर मनात वीस अंक मोजून मग पुढची ओळ. पंखा बंद, कुकर उतरवलेला, आणि दुपारची वेळ बरी, कारण सकाळी गल्लीत आवाज फार.

"मांडी घाला, नाहीतर खुर्चीत बसा. पाठ ताठ, पण लाकडासारखी नको. डोळे मिटा, नाहीतर समोरच्या फरशीवर नजर ठेवा. आता श्वास बघा. बदलू नका, नुसता बघा. नाकाशी गार लागतो तो आत येणारा. कोमट लागतो तो बाहेर जाणारा. मन कुठं गेलं? बाजारात गेलं असेल, भांडणात गेलं असेल. जाऊ दे. रागावू नका, परत नाकाशी आणा. परत गेलं? परत आणा. खांदे वर चढलेत का बघा, खाली सोडा. दात आवळलेत का बघा, सैल करा. आता बाहेरचे आवाज ऐकू येऊ द्या. डोळे सावकाश उघडा."

एवढ्याने सहा-सात मिनिटं सहज होतात. ज्या ओळी खटकतील त्या बदला. आमच्या वर्गातल्या चार घरांत हेच चालतं, आणि एका घरात बारा वर्षांच्या नातीचा आवाज आहे. "दात आवळलेत का" म्हणताना तिला हसू फुटलेलं रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहिलंय. आजी म्हणतात, ते काढू नको.

आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीला रेंज धड नसते. मग?

मग रेंज लागतच नाही असं करून ठेवा. ॲप निवडताना 'डाउनलोड करून नंतर ऐकता येतं का' हे आधी बघा, आणि ते फुकटात की पैसे भरल्यावर, हेही. इनसाइट टायमरसारख्या ॲपात घड्याळ फुकट असलं तरी ध्यानं उतरवून ठेवायला पैसे लागतात. बेळगावला आलात की नातेवाइकांच्या वायफायवर उतरवून घ्या. जागाही फार लागत नाही. चांगल्या प्रतीचं दहा मिनिटांचं ध्यान साधारण दहा एमबीचं. एका लग्नाच्या व्हिडिओत महिन्याभराची ध्यानं बसतील.

उतरवल्यावर एकदा फोन विमान मोडवर टाकून लावून बघा. काही ॲपं उतरवलेलंसुद्धा लॉगिन विचारल्याशिवाय उघडत नाहीत. हे पावसाळ्यात, दोन दिवस वीज गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

'सात दिवस फुकट' म्हणतात, त्यात काही गोम असते का?

असते. मी स्वतः खड्ड्यात पडून सांगतेय. एका ॲपने आठवडा फुकट म्हणून कार्डाचा नंबर मागितला, मी दिला. पाच दिवस वापरलं, आवडलं नाही, फोनवरून काढून टाकलं आणि विसरले. आठव्या दिवशी वर्षभराची वर्गणी कापली गेली. मी म्हणाले, ॲपच नाही तर पैसे कसले? मुलगा म्हणाला, "आई, ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही." त्यांना पत्रं लिहिली, गोड गोड उत्तरं आली, पैसे आले नाहीत.

तेव्हा नीट वाचा. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं अक्षर असतं, ते दाबा. 'पेमेंट आणि सदस्यत्वे' आणि त्यात 'सदस्यत्वे'. तिथे जे जे चालू आहे ते सगळं दिसतं. रद्द करायचं ते तिथून रद्द करा, मग ॲप काढा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव दिसतं, त्यात हीच यादी असते. पैसे यूपीआयवरून जात असतील तर फोनपे, गुगल पे वगैरेंमध्ये 'ऑटोपे' नावाची जागा शोधा आणि तिथूनही परवानगी काढून घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप कापली जाणारी रक्कम जायच्या निदान चोवीस तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. पंधरा हजारांच्या आतल्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो आदल्या दिवशीचा मेसेज हीच शेवटची संधी. मलाही तो आला असणार. कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांत बुडून गेला. आता मी फुकट आठवडा घेतला तर त्याच दिवशी रद्दही करते. बहुतेक ठिकाणी रद्द केल्यावरही उरलेले दिवस वापरता येतं.

आणखी एक. वर्षाची वर्गणी महिन्यापेक्षा स्वस्त दिसते, पण पहिल्यांदा वर्षाची घेऊच नका.

किती मिनिटं बसावं?

दहा. जमलं नाही तर पाच.

हेडफोन लागतोच का?

घरात एकटे असाल तर नको. फोन हाताच्या अंतरावर पालथा ठेवा, आवाज कमी. बसमध्ये लागतो. पण बेळगाव-खानापूरच्या गाडीत उभं राहून ध्यान करू नका, दांडा धरा.

ध्यानाला बसलो की व्हॉट्सॲप वाजतं. फोनवर ध्यान म्हणजे उंदराला मांजर साक्ष नाही का?

आहे थोडं तसं. म्हणून फोन फक्त घंटेपुरता ठेवा. बसण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. रोज लावायला विसरत असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये वेळ नेमून देता येते, पहाटे पाच ते सहा, म्हणजे ते आपोआप लागतं. घरात आजारी माणूस असेल तर दोन-तीन नंबरांना मुभा देऊन ठेवा, बाकी जग तासभर थांबतं.

ॲप स्वतःच दिवसातून तीनदा "आज श्वास घेतलात का?" असं विचारत असेल तर त्याच्या सूचना बंद करा. श्वास घेतोय म्हणूनच चिडचिड होतेय.

स्वस्त फोनवर आणखी एक भानगड होते. बॅटरी वाचवायला फोन मागे चाललेलं ॲप परस्पर बंद करतो, शेवटची घंटा वाजतच नाही, आणि माणूस वीस मिनिटांच्या जागी पस्तीस मिनिटं बसून राहतं. आमच्यातल्या एकांना वाटलं समाधी लागली. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपाची माहिती उघडा, बॅटरीच्या पर्यायात त्याच्यावरचं बंधन काढा, वाजेल.

मी हरिपाठ म्हणतो, काकड आरतीला जातो. मला ॲप कशाला?

कशालाच नको. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तोच पाठ, तोच ताल. ॲपवाले लाखो रुपये खर्चून लोकांना जी सवय लावू बघतात ती तुम्हाला आजोबांकडून मिळाली आहे. घड्याळाला गजर लावा नि जा.

पण हाच प्रश्न निपाणीच्या एका जैन बाईंनी विचारला तेव्हा मी वेगळं उत्तर दिलं. त्या सामायिक करतात, म्हणजे जैनांची ठरल्या वेळेची ध्यानाची बैठक, दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडे सारखं लक्ष जायचं. घंटेचं साधं ॲप घेऊन त्यात अठ्ठेचाळीस मिनिटं लावून दिली, मध्ये चोविसाव्या मिनिटाला एक हलका टोल. आवाज, संगीत, शिक्षक, सगळं बंद. तुमची साधना ठरलेली असेल तर ॲपाला गुरू करू नका, घड्याळ करा. आणि ज्यांना कुठल्याच देवधर्माचा संबंध नको असेल त्यांना हेडस्पेस, हेल्दी माइंड्स, मेडिटो यांची भाषा मोकळी वाटेल.

रात्री झोपच येत नाही. त्यासाठी कुठलं?

झोपेसाठी ॲपात दोनच गोष्टी बघा. आवाज ठरल्या वेळी आपोआप बंद होतो का, आणि स्क्रीन काळी ठेवून चालतं का. बाकी पावसाचा आवाज, समुद्राचा आवाज वगैरे. पावसाचा आवाज पैसे देऊन घ्यायची वेळ आपल्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तरी येऊ नये.

मला स्वतःला तानपुरा लागतो. रियाजासाठी केलेली तानपुऱ्याची ॲपं असतात, त्यात काळी एक किंवा पांढरी पाच, जो सूर सुखाचा वाटेल तो मंद लावून ठेवायचा. ऐकायला शब्द नाहीत, त्यामुळे मन मागे धावत नाही. सुळेभावीसारख्या गावात कुमार गंधर्व जन्मले, त्या मुलखात हा उपाय कुणाला परका वाटू नये.

चहा सहानंतर बंद करा हे ॲप सांगणार नाही, मी सांगते. आणि तीन आठवडे झाले, रात्रीमागून रात्री डोळा लागत नाही, असं असेल तर डॉक्टर गाठा.

ह्याचा खरंच उपयोग होतो का, की नुसती हवा?

दोन्ही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र करून तपासल्या, मिळून ३,५१५ माणसं. चिंता, उदासी आणि दुखणं यांत ध्यानाने लहान ते मध्यम, पण खरा फरक पडताना दिसला. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे असं मात्र दिसलं नाही. नंतर २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात चिंतेचा विकार असलेल्या २७६ जणांपैकी निम्म्यांना आठ आठवडे ध्यानाचा वर्ग आणि निम्म्यांना एसिटॅलोप्राम ही नेहमीची गोळी दिली. दोघांनाही जवळपास सारखाच गुण आला.

पण बारकाई बघा. तिथे वर्ग होता. दर आठवड्याला अडीच तास समोर शिक्षक, आणि घरी रोज पाऊण तास सराव. ॲपवाले जाहिरातीत 'शास्त्राने सिद्ध' म्हणतात तेव्हा बरेचदा असल्या वर्गांचा पुरावा आपल्या सात मिनिटांच्या रेकॉर्डिंगला चिकटवतात. जाहिरातीत 'सिद्ध' दिसलं की विचारायचं, नक्की काय सिद्ध? ह्याच ॲपाने, की ध्यानाने?

चार दिवस करतो आणि सोडतो. माझ्यातच खोट आहे का?

नाही हो. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपांचा वापर मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. महिन्याभरानंतर ॲप उघडणारे साधारणपणे शंभरात जेमतेम तीन. म्हणजे सोडणं हीच रीत आहे.

टिकवायचं असेल तर ध्यान आधीच्या एखाद्या सवयीला बांधा. देवापुढे दिवा लावल्यावर, किंवा पहिला चहा उकळायला ठेवण्याआधी. ॲपातल्या 'सलग इतके दिवस' ह्या आकड्याच्या नादी लागू नका. आमच्यातल्या एकीचे एकशे दहा दिवस झाले होते, मग घरात सुतक आलं, गावी गेली, साखळी तुटली, आणि ॲपाने परत 'एक' दाखवलं. त्या दिवसापासून तिने उघडलंच नाही. साखळीचा आकडा लपवायची सोय असेल तर लपवा.

आमची माहिती कुठे जाते?

ह्या ॲपांना तुम्ही काय सांगता ते आठवा: झोप येत नाही, रडू येतं, नवऱ्याशी पटत नाही. दुकानदारालाही सांगणार नाही असं. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये मानसिक आरोग्याची आणि प्रार्थनेची ३२ ॲपं तपासली, त्यांतल्या २८ वर 'जपून' असा शेरा मारला. बेटरहेल्प ह्या समुपदेशनाच्या ॲपाला लोकांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये अमेरिकेत ७८ लाख डॉलर भरावे लागले.

घ्यायच्या आधी प्ले स्टोअरच्या पानावर खाली 'डेटा सेफ्टी' म्हणून भाग असतो तो उघडा. कंपनी स्वतःच लिहून देते, त्यामुळे डोळे झाकून विश्वास नको, पण तिथेच 'इतरांना दिली जाते' असं लिहिलं असेल तर पुढचं बोलणंच संपलं. ध्यानाच्या ॲपाला तुमचे संपर्क, तुमचं ठिकाण, फोटो काहीही लागत नाही. मागितलं तर नाही म्हणा. नाही म्हटल्यावर चालत नसेल तर दुसरं घ्या. खातं न उघडता वापरता येत असेल तर ते आधी बघा. 'आजची मनःस्थिती' लिहायला सांगतात तिथे मी काही लिहीत नाही. तसली वही घरात असावी, कुलपाखाली.

लेक दहावीला आहे, परीक्षेची धास्ती घेतलीय. तिला कुठलं देऊ?

ऑस्ट्रेलियातल्या ना-नफा संस्थेचं स्माइलिंग माइंड मुलांच्या वयाप्रमाणे केलेलं आहे. इंग्रजीत आहे, तिचं इंग्रजी बरं असेल तर चालेल. मराठी माध्यमातल्या मुलीला मी ॲप देणारच नाही. पाच अंक मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, पाच मिनिटं, अभ्यासाला बसण्याआधी. आणि तिच्या हातात फोन द्यायचं आणखी एक निमित्त शोधू नका.

डोळे मिटले की उलट जास्तच घाबरायला होतं. असं होतं का कुणाला?

होतं. ध्यानाने अस्वस्थता किंवा उदासी वाढल्याचं जुन्या अभ्यासांच्या एका आढाव्यात शंभरात साधारण आठ जणांच्या बाबतीत दिसलं होतं. ॲप ह्याबद्दल क्वचितच सांगतं, कारण समोर बसून तुमचा चेहरा बघणारं कुणी त्यात नसतं. डोळे उघडे ठेवा, वेळ तीन मिनिटांवर आणा, किंवा बसण्याऐवजी अंगणात सावकाश चाला. तरी होत असेल तर बंद करा, त्यात हार कसली?

आधी मोठा धक्का बसलेला असेल, कधी भास झाले असतील, गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबलचक ध्यान सुरू करू नका, आणि ॲप मिळालं म्हणून गोळी तर मुळीच सोडू नका. जीव नकोसा वाटत असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. कर्नाटकातून लावला की पलीकडे कानडी बोलणारं माणूस येऊ शकतं. घाबरू नका, मराठी हवं म्हणून सांगा.

आणि धारवाडचं डिमहान्स आपल्यापासून दोनेक तासांवर आहे. "ह्याला धारवाडला नेऊन घाला" ही आपल्याकडची जुनी थट्टा, त्या थट्टेपायी किती घरांनी वेळेवर दाखवलं नाही. ते सरकारी इस्पितळ आहे, तिथे मनाच्या आजारावर उपचार होतात, लोक बरे होऊन घरी येतात.

विपश्यना शिबिर केलं तर ॲपाची गरजच नाही ना?

शिबिरात फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, म्हणून तिथे तरी नाही. सत्यनारायण गोयंका यांनी लावून दिलेल्या पद्धतीचं हे दहा दिवसांचं मौन. पहाटे चारला घंटा, फी नाही, शेवटी वाटलं तर दान. सगळ्यात मोठं केंद्र इगतपुरीचं, १९७६ पासूनचं. आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याजवळ आळत्याचं. परत आल्यावर रोजचा सराव टिकवायला घंटेचं ॲप कामाला येतं. पण ज्यांनी कधी दहा मिनिटंही बसून पाहिलेलं नाही त्यांनी थेट दहा दिवसांची उडी मारू नये, असं माझं मत. शिबिरवाल्यांना ते पटणार नाही.

नको झालं तर ॲप काढायचं कसं? माझा इतक्या दिवसांचा हिशोब जाईल का?

जाईल. तो हवा असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. आधी वर्गणी रद्द करा, वर सांगितलंय तसं. मग ॲपाच्या सेटिंगमध्ये 'खातं हटवा' शोधा. खातं उघडायला लावणाऱ्या ॲपांनी ते हटवायचीही सोय द्यावी असा प्ले स्टोअरचा नियम आहे. ते झाल्यावर ॲप काढा. उलट्या क्रमाने केलंत तर खातं आणि माहिती तिकडे तशीच राहते.

जपवाल्या काकूंनी गेल्या महिन्यात ॲप काढलं. आता सून ओट्यावरचं कुकरचं टायमर वीस मिनिटांवर लावून देते. घंटा झाली की काकू उठतात, आणि कधी कधी आधी डाळ बघायला जातात.